उचलून घेतलेला थकवा

बुधवार, २ जुलै २०२५

एकदाची पोचले कुंभकोणमला. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली आणि शेजारच्या बाईने पापनाशम येईपर्यंत आपल्या तिन्ही सुनांचा पाढा वाचला, त्यामुळे वाट कशी सरली ते कळलंसुद्धा नाही. स्टँडवर जावई अनंतकृष्ण उभे. माझ्या पिशव्या बघून म्हणाले, आत्या, राहायला आलात की दुकान थाटायला? मी म्हटलं, तुमच्याकडे बरं डांगराचं पीठ मिळालं असतं तर कशाला वाहून आणलं असतं.

घर साक्कोट्टैच्या वाटेवर, नव्या वस्तीत, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट आहे. मागच्या गॅलरीतून भाताची खाचरं दिसतात, पुढच्या गॅलरीतून लोकांची वाळत घातलेली धोतरं. मला खाचरांकडची खोली दिली आहे. वारा छान येतो.

लावण्या दारातच उभी होती, उभी राहू नकोस म्हणून बजावलं असताना. माझ्या धाकट्या भावाची ही एकुलती एक. भाऊ-भावजय गेल्यापासून तिचं माहेर म्हणजे मी. डोक्याचा रुमाल काढून तिने मला केस दाखवले, नुकत्याच उगवलेल्या भाताच्या तरव्यासारखे. गेल्या थंडीत डोकं दुखायचं निमित्त झालं आणि मेंदूत गाठ निघाली. चेन्नईला ऑपरेशन झालं, उरलंसुरलं किरणांनी जाळलं. डॉक्टर म्हणतात गाठ आता वाढत नाही. मग राहिलं काय? थकवा. साधा कामाने येतो तो नव्हे. झोपून उठलं तरी जात नाही असा.

लावण्या तिरुभुवनमच्या विणकर सोसायटीसाठी रेशमी लुगड्यांच्या काठाची नक्षी काढते, चौकटीच्या कागदावर, एकेक घर भरत. आता एक हंस काढून झाला की हात गळतो. हंसांचा अर्धा काठ टेबलावर पडून आहे. तो पुरा करायचाय, एवढंच तिचं मागणं. मी म्हटलं, तुझी विजयलक्ष्मी आत्या आलीय ना, आता बघ कसा होतो ते.

शाळा माझी पाचवीत सुटली, तीही तमिळ. मराठी अक्षरं बाबांनी परातीत पीठ पसरून गिरवून घेतली, पुढचं मी पोथ्यांवरून लावलं. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेली आमची माणसं, या घरात बोलतात सगळे मराठी, वाचता कुणालाच येत नाही. म्हणून मोकळेपणी लिहिते.

गुरुवार, ३ जुलै

आज घराची रीत कळली. लावण्याच्या मनगटावर एक काळा पट्टा असतो. घड्याळासारखा, पण वेळ दाखवत नाही. त्याच्या पोटाशी हिरवा उजेड लुकलुकतो. मेंदूत गाठ झालेल्यांना थकवा कधी येणार ते आधीच ओळखायचं, असा काही अभ्यास चेन्नईला चाललाय, त्यात अनंतांनी तिचं नाव घातलंय. पट्टा नाडी बघतो, झोप बघतो, किती हिंडली-फिरली ते बघतो. सकाळी फोन तिला चार प्रश्न विचारतो. आणि संध्याकाळी फोनवर उद्याचा आकडा येतो. शून्य म्हणजे ताजीतवानी, दहा म्हणजे अंथरुणातून उठूच नये.

तिथली चैत्रा नावाची मुलगी अधूनमधून फोन करते. आज मीही बोलले. गोड आहे. आजीला म्हणतात तसं मला पाटी म्हणते. म्हणाली, पाऊस येणार हे ठाऊक असलं तर वाळवण आत घेता येतं, तसंच हे. मला पटलं. राहुकाळ बघून आपण बाहेर पडतोच की.

उद्याचा आकडा सात आला. लगेच अनंतांनी उद्याची तेलाची आंघोळ रद्द केली, पडदे ओढले, टेबलावरचा कागद गुंडाळून कपाटावर ठेवला. त्यांच्या आई मीनाक्षीबाई, म्हणजे माझ्या विहीणबाई, देवघरातून म्हणाल्या की आमच्याकडे आता नैवेद्य आधी आकड्याला, मग देवाला. मला हसू आलं. बाई तिखट आहे, पण हाताला चव आहे.

सोमवार, ७ जुलै

चार दिवसांत माझा जीव मेटाकुटीला आला. लावण्यामुळे नव्हे, त्या आकड्यामुळे.

आज आठ होता. सकाळी पोरगी गुणगुणत उठली, दारात रांगोळीचे ठिपके घालायला बसली, मला म्हणाली रसवांगी कर ना आत्या, पुष्कळ दिवस झाले. पण घर कसं बघत होतं तिच्याकडे! अनंत दर थोड्या वेळाने डोकावणार. विहीणबाई उशी झटकून ठेवणार. गाडी येणार म्हणून फाटकापाशी उभी राहिलेली माणसं असतात ना, तशी. आणि दुपारी कापी पिताना थकवा आलाच. ती मला काहीतरी सांगत होती, वाक्याच्या मध्येच थांबली. डोळे उघडे. हातातला पेला मी धरला नसता तर पडला असता. दिव्यात तेल आहे, वात आहे, आणि तरी ज्योत बसत जावी, तसं. मग संध्याकाळपर्यंत भिंतीकडे तोंड.

मी अनंतांना म्हटलं, माणसाला सकाळपासून पडणार पडणार म्हणत राहिलात तर ते पडणारच. ते म्हणाले, तसं नसतं आत्या, यंत्र तिला पाडत नाही, फक्त आधी सांगतं. चैत्राला फोन लावायला लावला, तीही तेच. सगळे माझं बोलणं मान हलवून ऐकतात आणि पुन्हा फोन बघतात. पालथ्या घड्यावर पाणी. अंग चिडचिडतं माझं.

गुरुवार, १० जुलै

भांडून एक गोष्ट पदरात पाडून घेतली. तीन दिवस आकडा कुणालाच सांगायचा नाही. अनंतांनी एकट्याने बघायचा आणि चेहरा कोरा ठेवायचा. पडदे उघडे, उशा जागच्या जागी. बघू या म्हटलं.

मंगळवारी लावण्या दिवसभर बरी होती, अर्धा हंस काढला. बुधवारी नाश्त्यानंतरच गळली. आज मधलं काहीतरी. रात्रीच्या जेवणाआधी अनंतांनी फोन माझ्यासमोर धरला. दोन, नऊ, पाच. एकही चुकला नाही.

विहीणबाई म्हणाल्या, झालं समाधान? माझं म्हणणं खोटं ठरलं याचं मला दुःख नाही. पण मग या पोरीने काय करायचं? आकडा खरा आहे म्हणून सगळे खूश, चैत्रा तर म्हणते लावण्याचं अनुमान फार छान जमतंय. अगं, जमून काय उपयोग? घराला आग लागणार ते अचूक सांगता आणि पाण्याची घागर कुणी आणत नाही.

उद्याचा आकडा आठ. उद्या शुक्रवार, तेलाच्या आंघोळीचा वार. मी सांगून टाकलं, आठ असो नाहीतर अठरा, मी पोरीला तेल लावून न्हाऊ घालणार.

शनिवार, १२ जुलै

काल लिहू शकले नाही. बसताच येत नव्हतं.

तीळतेल कोमट करून लावण्याला पाटावर बसवलं. पट्ट्याला तेल लागलं तर त्याचा डोळा बिघडतो असं चैत्राने सांगितलेलं. आणि पट्टा काढून ठेवला की फोन कुरकुरायला लागतो, मग अनंतांना ऐकून घ्यावं लागतं. म्हणून मी आपला तो तात्पुरता माझ्या डाव्या हाताला बांधला, मनगटाच्या वर. तेल उजव्या हाताने लावलं. पोराचं न्हाणं होईपर्यंत त्याचं दुपटं आपण खांद्यावर टाकतो, त्यात काय एवढं.

न्हाऊन आली ती इतकी गोड दिसली की माझे हात आपोआप गेले. दोन्ही कानशिलांवरून फिरवून माझ्या कानशिलांवर बोटं मोडली. कडाकडा वाजली सगळी. आणि म्हटलं, इडापिडा टळो, तुझा शीण मला लागो. लहानपणापासून तिला हजारदा म्हटलं असेन. प्रत्येक घरात म्हाताऱ्या म्हणतात. कधी काही लागलंय का कुणाला?

दुपारी कापी गाळत होते आणि माझ्या हातातून सगळंच निघून गेलं. चक्कर नव्हे. दुखणं नाही. जोरच नाही, जोराची आठवणही नाही. पापणी मिटावी तर तीही जड. स्वयंपाकघराच्या फरशीवर बसले ती बसलेच. लावण्याने मला उचललं. लावण्याने! आठ आकड्याच्या दिवशी. तिने दोन हंस पुरे केले, पापड भाजले, सासूचे पाय चेपले.

पट्टा अजून माझ्याच हाताला होता, सांजवातीला लक्षात आलं.

मंगळवार, १५ जुलै

मी काही खुळी नाही. पुन्हा करून पाहिलं.

रविवारी पट्टा तिच्या हाताला होता, मी ते शब्द म्हटले नाहीत. आकडा सहा, आणि ती थकली, मी नाही. काल पट्टा मी बांधला आणि बोटं मोडून तेच शब्द म्हटले. आकडा सात, आणि मी थकले, ती नाही. आज पुन्हा तसंच. त्या आकड्याला माणूस कळत नाही. इतका थकवा येणार एवढं त्याला ठाऊक. कुणाला, ते आपण ठरवायचं.

लावण्याला सांगितलं. ती आधी हसली, मग रडली, मग म्हणाली नको. मी म्हटलं, मला कुठे काठ पुरा करायचाय? म्हातारीने खाटेवर पडून राहायचं, यात जगाचं काय बिघडतं? अनंतांना सांगायचं नाही असं ठरलं. पट्टा मी पोलक्याच्या लांब बाहीखाली ठेवते. तिच्या फोनवरचे सकाळचे चार प्रश्न मीच सोडवते, माझी खरीखुरी उत्तरं देते.

फार दिवसांनी कुणाच्या तरी उपयोगी पडल्यासारखं वाटतंय.

रविवार, २० जुलै

हंसांचा काठ पुरा झाला. लावण्या स्वतः बसने तिरुभुवनमला जाऊन सोसायटीत देऊन आली आणि आणखी दोन काठांचं काम घेऊन आली. अनंतांच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी रंग आलाय. परवा दोघं तिरुक्करुगावूरला देवीचं दर्शन घेऊन आली, पायऱ्या ती न बसता चढली म्हणे.

मी पडून असते. ताट खोलीत येतं. विहीणबाई आज शेजारणीला ऐकू जाईल असं म्हणाल्या की सेवेला आलेल्या बाईचीच सेवा करायची वेळ आली, देवाची करणी आणि नारळात पाणी. मला उत्तर सुचलं होतं, चांगलं झणझणीत, पण तोंडापर्यंत आणायचे कष्ट झेपले नाहीत. त्याचाच जास्त राग आला. जन्मात कुणाचं उसनं ठेवलं नाही मी बोलण्यात.

डॉक्टर घरी येऊन गेले. रक्त ठीक, नाडी ठीक. वय झालं म्हणाले.

आकडे मात्र वाढताहेत. पूर्वी मध्येच दोन-तीन यायचे. आता आठ, नऊ, नऊ.

शुक्रवार, २५ जुलै

मनात एक खुटखुटतंय, ते लिहून ठेवते.

सकाळी मी उठले की लावण्या टेबलाशी असते. दिवा तसाच लागलेला, उजाडलं तरी. तिची उशी बघितली, एक चुणी नाही. काल विचारलं, झोपलीस का? म्हणाली, झोप येईल तेव्हा झोपेन ना आत्या, येतच नाही.

ती बसत नाही. जेवताना उभी. सोसायटीचे दोन्ही काठ झाले, तरी काढते आहे. चौकटीचे कागद संपले. काल अनंतांच्या ऑफिसच्या कागदांच्या मागे. आज माझ्या खोलीबाहेरच्या भिंतीवर हंस आहेत, पेन्सिलीने, एकाला एक चिकटून, खालपासून हात पोचेल तिथवर.

बोट पाहिलं तिचं. पेन्सिल टेकते तिथे कातडी फाटून आतलं लाल दिसतंय. मी ओरडले. तिने बोटाकडे पाहिलं, दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं. दुखतं म्हणाली. दुखतं खूप, पण थांबावंसं वाटत नाही गं.

गाडीचा ब्रेक काढून मी माझ्या पायाला बांधून घेतलाय. असं काहीतरी झालंय.

रविवार, २७ जुलै

अनंतांना सगळं सांगितलं. तासभर लागला असेल, शब्द येईनात. ते भडकले. माझ्यावर नाही भडकत कधी. आत्या, तुम्ही पट्टा घातलात? इतके दिवस? म्हणजे तिचा सगळा हिशेब बिघडवून ठेवलात. ती बोटं मोडल्याची गोष्ट त्यांच्या कानात शिरलीच नाही. मी परत परत सांगत होते, ते परत परत नोंदींबद्दल बोलत होते. चैत्राला फोन केला. ती म्हणाली दोन माणसांची माहिती एकत्र झाली, आता आकडा धरू नका, लावण्याला अभ्यासातून वगळावं लागेल. झोपेचं म्हणाल तर मेंदूची सूज उतरायच्या गोळीने झोप उडते, असं होतं. डॉक्टरांची पुढच्या आठवड्यातली वेळ घेतली आहे. पुढच्या आठवड्यातली!

अनंतांनी पट्टा माझ्या हातातून काढून लावण्याच्या हाताला बांधला.

काही बदललं नाही. पट्टा तिच्या हाताला, ती भिंतीशी, मी खाटेवर. फोनवर आकडा दहा. अनंत म्हणाले, बघा, ती ठणठणीत आणि हा दहा दाखवतोय, बिघडलाच. मी दहा आहे हो, मी इथे आहे, असं म्हणायचं होतं.

माझी आजी म्हणायची, उचललेलं दुखणं परत ठेवता येत नाही. ज्याचं त्याने मागून घ्यावं लागतं. आत्ता आठवतंय.

मंगळवार, २९ जुलै

लावण्याला बोलावलं. आली, पण पाय थांबेनात तिचे, खाट ते खिडकी, खिडकी ते खाट. गालाची हाडं वर आली आहेत. टाचा फुटून फरशीवर डाग उमटतात, विहीणबाई मागोमाग पुसत असतात आणि आता टोमणे मारत नाहीत.

मी म्हटलं, बाळ, माझ्याकडे माग. म्हण, माझा थकवा मला दे. थोडा तरी घे, रात्रीपुरता. निजशील.

ती खिडकीपाशी थांबली. म्हणाली, “आत्या, तुला नाही ठाऊक ते कसं होतं. शुद्धीत असून मेल्यासारखं. आणखी थोडे दिवस राहू दे ना तुझ्याकडे. मी सगळं करीन तुझं.”

मला नाही ठाऊक म्हणे. मला!

रागावू तरी कशी. मीच दिलंय. मीच दिलंय आणि आता मीच हात जोडतेय की परत घे. आणि राग येतो तोही पुरा येत नाही, अर्ध्यातच दमतो.

शुक्रवार, १ ऑगस्ट

मागितलं तिने.

सकाळी चमचा माझ्या तोंडाशी धरला होता, मला गिळता येईना, ते बघून. पेज हनुवटीवरून ओघळली. ती बघत राहिली. पट्टा तिच्याच हाताला होता. म्हणाली, दे आत्या, माझा थकवा मला दे.

माझं अंग हलकं झालं. उठून बसले मी. आणि ती —

आजचा नव्हता तो. एका दिवसाचा नव्हता. इतक्या दिवसांचा सगळा, एकदम. उभ्याची खाली आली, पोतं टाकावं तशी. डोळे वर, दातखीळ, हातपाय झाडायला लागली. मग तेही थांबलं. श्वास सुटला होता तो परत येईना. विहीणबाई मारुतीचं नाव घेत होत्या. अनंत खाली गाडी आणायला धावले.

मी तिच्या मनगटाचा पट्टा ओढून काढला, माझ्या हाताला बांधला, बोटं मोडली. लागो, मला लागो, सगळा मला लागो.

तिने श्वास घेतला. उठली. विचारलं, काय झालं? हॉस्पिटलात न्यायला गाडी आली, तर ती जिना उतरून चालत गेली. या आजारात झटका येतो, डॉक्टर म्हणाले. गोळी वाढवली.

तिला काही आठवत नाही.

रविवार, ३ ऑगस्ट

आज आडी महिन्याचा अठरावा दिवस, नदीपूजेचा सण. पलीकडे कुणीतरी चिंचेचा भात केलाय, वास येतो. लावण्याने पाच प्रकारचे भात केले. कुणी सांगितलं नव्हतं. खाणारं कुणी नाही.

पट्टा माझ्याकडेच आहे. अनंतांनी मागितला नाही. चैत्राच्या लोकांना आता नको आहे तो. तरी संध्याकाळी फोन वाजतो. काल दहा. आज दहा. उद्या दहा. त्यांनी दहाच्या वर घरच ठेवलं नाही. पण ते वरचं जातं कुठे? ते इथे साठतं. माझ्यात. बंधाऱ्यामागे पाणी साठतं तसं.

तिने पुन्हा मागितलं तर —

नाही मागणार. आठवत नाही तिला. पण नाही दिला तर ती अशीच झिजत — बोटाचं हाड दिसतं आता. चेन्नईला बुधवारी नेणार. बुधवारपर्यंत.

देऊ नये. ठेवू नये. कुणाला विचारू? सगळे म्हणतात विश्रांती घ्या.

मंगळवार

तिला थोडा थोडा देता आला तर. चमच्याने पाजतात तसा. आजीने ते नाही सांगितलं. सकाळपासून एवढाच विचार, आणि तो पुरा होत नाही.

मी मेले तर माझ्यातलं ते कुठे जाईल? तिच्याकडे? सगळं?

म्हणून मरायचं नाही. श्वास मोजून घेते. मरायचं नाही विजयलक्ष्मी.

बुधवार

ऊन आहे. गाडी खाली आली. अनंत सामान नेताहेत. आवाज येतो.

लावण्या आत आली. बसली. खाटेच्या कडेला — बसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. माझे केस सारखे केले. हाताची हाडं, बांधलेली बोटं.

म्हणते, “आत्या, सासूबाईंनी सांगितलं शुक्रवारी काय झालं ते. तू माझा उचललास. मी पळपुटी निघाले. आता माझा मी परत घेणार.”

नको म्हणायचंय. सासूबाईंनी अर्धंच सांगितलं. पडलीस ते सांगितलं, किती साठलंय ते नाही. त्यांना कुठे —

मान हलवते. हलते का? ती हसते आहे. तिला वाटतं मी हो म्हणते.

हात पांघरुणाखाली घ्यायचा. डावा. एवढंच. एवढंच कर गं बाई. उजवा लिहितो, डावा का —

तिने धरला. पट्ट्याची कडी शोधते आहे. बोटं बांधलेली, जमत नाही तिला. बरं झालं. जमू नको. अनंत, वर या —

दातांनी सोडवते आहे.

लावण्या ऐक, ते एक दिवसाचं नाही, ते सग